काठोकाठ चहा

१

बीबी नेककदमच्या घरी चहा अर्धाच मिळतो. तसा पांज नदीच्या या काठाला कुणाच्याही घरी अर्धाच मिळतो म्हणा, पण बीबीच्या घरी जरा जास्तच अर्धा. बिनकानाच्या प्याल्यात तळाशी दोन घोट ओतायचे, ते संपले की पुन्हा दोन घोट, पाहुणा हात जोडेपर्यंत. थोडं ओतलं म्हणजे बस अजून, तुझी आणखी सेवा करू दे. काठोकाठ भरून पुढे ठेवला, तर त्याचा अर्थ पी आणि चालू लाग. असा भरला प्याला बीबीने साऱ्या जन्मात फक्त आपल्या नवऱ्याला एकदा दिला होता, असं गाव हसत सांगे. पाहुण्याला मात्र कधीच नाही. ते खरं होतं.

पण गेले दोन उन्हाळे अर्धा चहा प्यायलाही कुणी फिरकलं नव्हतं. परदेशातल्या सरकारांनी आपापल्या नकाशांवर ही दरी लाल रंगवून टाकली होती. इथे जाऊ नका, गेलात तर आम्ही जबाबदार नाही. नदीपलीकडे अफगाणिस्तान, अलीकडे आम्ही, आणि दोघांवर मिळून एकच लाल रंग फासलेला. बीबीची सून सौसन रोज सकाळी पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकी आणि संध्याकाळी कुणी न झोपलेल्या गाद्या झटकून आत आणी. पाहुणे येत होते तेव्हा तिचा नवरा अकनजर घरी असे, त्यांना डोंगरात फिरवून आणे. पाहुणे थांबले तसा तो मॉस्कोला बांधकामावर निघून गेला. त्यांची मुलगी परी आता पाच वर्षांची होती आणि बापाला फोनमधला माणूस समजत होती. पाहुणे परत आले की तो परत येईल. सौसनच्या डोक्यात दुसरा विचार म्हणून नव्हता.

त्या दुपारी ओडिनाची गाडी धुरळा उडवत दाराशी थांबली. ओडिना म्हणजे या रस्त्यावरचा ड्रायव्हर, तोंडाने गाडीपेक्षा जास्त धावणारा.

"ए सौसन, भांडी घासायला काढ! लाल नकाशातून वाट चुकलेलं पाखरू पकडून आणलंय."

गाडीतून एक उंच, साठीची, आखूड पांढऱ्या केसांची बाई उतरली. तिचं नाव हेल्वी. फिनलंडची, म्हणजे जगात सगळ्यात सुरक्षित म्हणतात त्यातल्या एका देशाची. रशियन बोलायची, शाळेतल्या पुस्तकासारखं; या घरात ती सगळ्यांना कळत होती. सौसनने छातीवर हात ठेवून तिचं स्वागत केलं आणि तिला मिठी मारावी की काय, असं तिला वाटून गेलं.

पिशव्या उतरवताना ओडिना हळूच म्हणाला, "बाई भली आहे. पण एक सांगू? पुढे बसा म्हटलं तर नको म्हणाली. मागची अख्खी सीट मोकळी, आणि ही सबंध रस्ताभर दाराला चिकटून, अंग चोरून. शेजारी तिघे कोंबल्यासारखी."

बोलता बोलता तो गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, तिकडचं मागचं दार उघडलं, क्षणभर धरून ठेवलं आणि लावलं.

"ते दार कशाला उघडलंस?" सौसनने विचारलं.

"कुठलं दार?" ओडिना म्हणाला.

२

आमची घरं म्हणजे एकच मोठी खोली. पाच खांब, तिन्ही बाजूंनी रुंद ओटे, मधे खोलगट जमीन आणि वर चौकोनात चौकोन बसवलेला झरोका. उजेड येतो तो वरूनच. संध्याकाळी तो लांबलांब होत ओट्यांवरून सरकत जातो आणि कोण कुठे बसलंय ते बरोबर दाखवतो.

सौसनने ओट्यावर गाद्या अंथरल्या, जेवणाची चादर, दस्तरखान, पसरली, नान, जर्दाळू, अक्रोड मांडले, शेवयांचा शोरबा आणला. बीबी चुलीजवळ, परी तिच्या मांडीशी, हेल्वी मानाच्या जागी. सौसनने प्याले मांडले आणि थांबली. एक जास्त होता. हेल्वीच्या शेजारी, खांबाला लागून, मोकळ्या गादीसमोर तिने एक प्याला ठेवला होता. गादीही तिनेच अंथरली होती.

सवय, तिने मनाशी म्हटलं. पूर्वी पाहुणे जोडीने यायचे. हात तेच करत राहतात. प्याला उचलायचा म्हणून ती वाकली, तेवढ्यात बीबीने हाक मारली आणि ते राहून गेलं.

बीबीने सरळ विषयाला हात घातला. "काय गं, इकडे यायची भीती नाही वाटली? सगळे म्हणतात इथे माणसं कापतात."

"बहीण रडली माझी," हेल्वी म्हणाली. "सगळ्यांनी वेड्यात काढलं. म्हणाले, सुट्टीच घालवायची तर समुद्रकाठी जा."

"समुद्रात माणसं बुडत नाहीत वाटतं?"

हेल्वी हसली. बीबीने उघड्या दाराकडे बोट केलं. "पलीकडच्या काठावर धूर दिसतो ना, ते माझ्या आईचं माहेर. त्यांना वाटतं, अलीकडे धोका. आम्हाला सांगतात, पलीकडे धोका. मधल्या नदीला कुणी विचारत नाही. आणि तुमच्याकडे? काहीच धोका नाही?"

"नाही," हेल्वी म्हणाली. "आमच्याकडे लोक रात्री दार लावतात आणि सकाळपर्यंत कुणी ठोठावत नाही. वर्षभर ठोठावत नाही." तिने नानचा तुकडा मोडला. "मी नकाशात आधी लाल रंग बघते. जिथे कुणी जात नाही, तिथे जाते. खूप देश झाले."

"बाई, धाडस आहे हो तुमचं!" सौसन मनापासून म्हणाली. गावाच्या बाहेर पाऊल टाकायचं तर तिला दहा जणांना विचारावं लागे. ही बाई साठीत एकटी जग पालथं घालत होती. सौसनला तिच्या जागी आपण असावं असं वाटलं, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

हेल्वीने कौतुक ऐकून मान खाली घातली. आपणही काहीतरी करावं म्हणून तिने किटली उचलली आणि बीबीचा प्याला सांडेपर्यंत भरला. परी खिदळली. बीबीने भुवया उंचावल्या. "घ्या! पाहुणी आली आणि मलाच घराबाहेर काढतेय!"

सौसनने हसत हसत ती रीत तिला समजावली आणि किटली घेऊन तिला दोन घोट ओतले. मग तोच हात, तसाच, कुणाला न विचारता, शेजारच्या प्याल्यावर गेला. तिथेही दोन घोट.

हेल्वीचा चेहरा पांढराफटक पडला.

"तिथे का ओतलंस?"

"चुकून," सौसन ओशाळून म्हणाली. "फेकून देते."

"नको." हेल्वी त्या प्याल्याकडे बघत होती. "असं आजवर कुणी केलं नव्हतं. कुठेच."

३

सकाळी तो प्याला रिकामा होता.

आता मांजर चहा पीत नाही हे सौसनला माहीत होतं. पण परी पिते. परीने झोपेतून उठून घोटभर ओढला असेल. किंवा प्याल्याला तडा असेल. तिने तो उजेडाकडे धरून फिरवून पाहिला. तडा नव्हता. मग परीच, असं ठरवून तिने तो विसळला, आणि दिवसभराच्या कामात विसरूनही गेली.

विसरायला कारणही होतं. हेल्वी बदलली होती. सकाळी उठली ती डोळे चोळत, लहान मुलासारखी, आणि म्हणाली, "कित्येक वर्षांत अशी झोप लागली नव्हती." ओट्यावर पाय पसरून बसली. अंग चोरणं नाही, कडेला सरकणं नाही. दुधाचा खारट चहा नाक मुरडत प्यायली आणि आणखी मागितला. परीला खांद्यावर घेऊन जर्दाळूच्या बागेत गेली. एक रात्र राहायचं म्हणून आलेली बाई राहतच गेली. शेजारणी भेटायला येऊ लागल्या, त्यांच्याशी खाणाखुणांनी गप्पा मारू लागली. घरी मैत्रिणींना फोन करून सांगितलं की इथे घाबरण्यासारखं काही नाही, इथल्याइतकी चांगली माणसं मी पाहिली नाहीत, शरद ऋतूत तुम्हीही या. त्या येणार होत्या. सौसनला आकाश ठेंगणं झालं.

रोज ती प्याले मांडी, आणि रोज एक जास्त होई. उचलायचा म्हटलं की काहीतरी आडवं येई. शेवटी तिने तो उचलायचा नाद सोडला. आपली पाहुणचाराची हौस इतकी साचली आहे की हाताला आवरत नाही, एवढंच. हे कारण तिला पटलं, कारण ते पटवून घेणं सोयीचं होतं.

एक दिवस दुपारी तिने अकनजरला फोन लावला. परी आणि हेल्वी बागेत होत्या. बीबी चुलीपाशी भिंतीला टेकून पेंगत होती.

"ये आता घरी," सौसन म्हणाली. "पाहुणे यायला लागले. शरदात घर भरणार आहे."

"आत्ताच भरलेलं दिसतंय की," तो हसला. "बसलंय कोण कोण?"

"कुणी नाही. आई झोपल्यात."

"मग चहा कोण ओढतंय एवढ्या जोरात? कानात फुर्र फुर्र येतंय माझ्या."

सौसनने वळून पाहिलं. झरोक्यातला उजेड खांबाजवळच्या गादीवर पडला होता. तिथे कुणीही नव्हतं. गादी मात्र मधोमध दबलेली होती, आणि बघता बघता ती जराशी फुगून वर आली, कुणी बसल्याबसल्या मांडी बदलावी तशी.

"फोनचा आवाज असेल," सौसन म्हणाली.

तो बरं म्हणाला. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण तिने तिला हुसकावून लावलं.

४

हेल्वीने निघायचा दिवस सांगितला. ओडिनाची गाडी सकाळी आली. बीबीने वाटेसाठी नान बांधून दिले, दोन माणसांना पुरतील एवढे. सौसनने पाहिलं, पण बीबी नेहमीच जास्त देते.

निरोपाच्या गडबडीत सौसनचं लक्ष परीकडे गेलं. ही पोर म्हणजे आडवीतिडवी लोळणारी, अख्खा ओटा हिला कमी पडायचा. ती आज ओट्याच्या अगदी कडेला, गुडघे पोटाशी घेऊन, खांबाला चिकटून बसली होती.

"परे, पडशील. सरक आत."

"जागा नाहीये ना, आई," परी म्हणाली.

ओटा रिकामा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. सौसनने परीला झटकन उचलून कडेवर घेतलं.

दारात पाठीवर पिशवी घेतलेली हेल्वी उभी होती. तिने ते ऐकलं होतं. क्षणभर दोघींची नजर भिडली आणि हेल्वीने ती चुकवली. छातीवर हात ठेवून निरोप घेतला, जसा आम्ही घेतो तसा, आणि भराभर चालत गाडीत जाऊन बसली. मागच्या सीटवर, मधोमध, पाय पसरून.

सौसन बाहेर आली. तिला ओरडावंसं वाटत होतं आणि काय ओरडायचं ते कळत नव्हतं. थांबा म्हणू? कशाला? तुमचं काहीतरी आमच्या घरी राहिलंय म्हणू? तिने तसं म्हटलं आणि ती बाई रागावली तर मैत्रिणी येणार नाहीत, अकनजर येणार नाही. तिने पुढे होऊन फक्त गाडीचं दार लावलं. स्वतःची तिला इतकी चीड कधी आली नव्हती.

ओडिनाने गाडी सुरू केली. गाडी थोडी पुढे गेली आणि थांबली.

मागचं दार उघडलं. हेल्वी उतरली आणि परत आली. सौसनला पुढे आयुष्यभर तिची चाल आठवत राहिली. लाल नकाशांतून फिरणं तिला धाडस वाटलं होतं. पण गाडीपासून दारापर्यंतची ती चार पावलं म्हणजे काय होतं, हे फक्त सौसनने पाहिलं.

"मी सांगायला हवं होतं," हेल्वी म्हणाली. "कधीपासून आहे ते मलाही माहीत नाही. आमच्याकडे बसमध्ये माझ्याशेजारी बसलेली माणसं उठून जायची. मला वाटलं, जगात कुठेतरी याच्यापेक्षा मोठी भीती असेल, तिथे हे मागे राहील. तसं कुठेच झालं नाही. मग इथे तुम्ही त्याला चहा दिलात."

५

तिघी आत आल्या, म्हणजे सौसन, हेल्वी आणि सौसनच्या कडेवर घट्ट धरलेली परी. बीबी जागची हलली नव्हती.

"पाहुण्याला जा म्हणून कसं सांगायचं?" हेल्वीने विचारलं.

"आम्ही सांगत नाही," बीबी म्हणाली.

"बीबी, भरला प्याला—" सौसन म्हणाली.

"या घरात नाही."

"तुम्हाला माहीत आहे? तुम्हाला दिसलं काही?" सौसनने विचारलं.

"मला काय दिसायचंय. पण माझी सून प्याले मोजायला कधी चुकत नाही, एवढं मला कळतं." बीबीचा आवाज शांत होता. "दमूनभागून आलं, बसलं. मी कोण तपासणारी? ही आली तेव्हा हिचं काय तपासलं मी? तुम्ही आम्हाला नकाशात लाल रंगवता, आम्ही कुणाला रंगवत नाही."

"आणि परी?" सौसन जवळजवळ किंचाळली. "तिला बसायला जागा नाही राहिली, बीबी!"

बीबीने नातीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूहळू अंग वळवून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. आपल्या घरी पाहुण्याचा अपमान होणार तो डोळ्यांनी बघायचा नव्हता तिला. पण ती नाही म्हणाली नाही.

सौसनने परीला हेल्वीच्या हाती दिलं आणि किटली उचलली. खांबाजवळच्या गादीसमोर बसली. प्याल्यात धार सोडली. दोन घोट झाले आणि तिचा हात थांबला. तिने पुन्हा ओतायचं ठरवलं. हात वर झाला, किटलीची चोच प्याल्यावर आली, आणि तिथेच राहिली. लहानपणापासून आई, आजी, सासू, सगळ्यांनी मिळून शिकवलेला हात होता तो. तिसरा घोट त्याला माहीतच नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

समोरून अगदी जवळून, कपाळाला लागेल इतक्या जवळून, कुणीतरी वाट बघत असल्यासारखा ओलसर श्वास आला.

"दे इकडे," हेल्वी म्हणाली. "मला कुठे तुमची रीत कळते."

तिने परीला खाली ठेवलं, किटली घेतली आणि ओतलं. अर्ध्याच्या वर, पाऊणाच्या वर, अगदी काठापर्यंत, चहा काठावर फुगून थरथरायला लागेपर्यंत. मग तिने किटली ठेवली आणि आपल्या भाषेत एकच शब्द उच्चारला. सौसनला तो समजायची गरज नव्हती. लेकराचं बोट धरून बाजारातून निघताना कुठलीही बाई त्याच सुरात बोलते.

खोलीत काहीच हललं नाही. बाहेर ओडिनाने वैतागून हॉर्न वाजवला. मग तो आवाज सुरू झाला. फुर्र. थांबून पुन्हा फुर्र. प्याल्यातला चहा काठाखाली आला, मग आणखी खाली. घाई नव्हती. कुणीतरी शेवटचा घोट पुरवून पुरवून पीत होतं. भिंतीकडे तोंड केलेल्या बीबीचे खांदे हलत होते. ती रडत होती.

प्याला रिकामा झाला. गादी फुगून वर आली.

हेल्वी उठली. ती दारातून बाहेर पडली ती एका अंगाने, तिरकी होऊन, शेजारच्याला वाट देत. सौसन तिच्यामागे धावली. गाडीपाशी ओडिना कुरकुरत होता. "बाई, आता तरी नक्की ना? उतरायचं नाही ना परत?" आणि बडबडता बडबडता त्याने पलीकडचं मागचं दार उघडलं, धरून ठेवलं आणि लावलं.

हेल्वी आत सरकली. दाराला चिकटून, अंग चोरून बसली.

"त्या येतील," काच खाली करून ती सौसनला म्हणाली. "माझ्या मैत्रिणी. साध्या बायका आहेत, एकेकट्या. त्यांना अर्धाच चहा दे."

सौसनला काहीतरी बोलायचं होतं. तुमच्यासारखी बाई मी पाहिली नाही, असं म्हणायचं होतं. तिने फक्त तिचा हात घट्ट धरला. मागे उघड्या दारातून घराच्या आतलं दिसत होतं. परी ओट्यावर चढली होती आणि हातपाय फेकून मधोमध आडवी पसरली होती. सौसनचा जीव भांड्यात पडला.

गाडी निघाली. मागच्या काचेवर धूळ बसली होती. त्या धुळीमागे हेल्वीचं पांढरं डोकं खाली झुकलेलं दिसलं, तोंड दोन्ही हातांच्या ओंजळीत लपवलेलं. दोन्ही हात. आणि तिच्याशेजारी, काचेच्या दुसऱ्या टोकाला, तिसरा एक हात सावकाश वर आला. बोटं जुळवून तो आतल्या आत कुठेतरी टेकला, जिथे माणसाची छाती असते. आमच्या दरीत पाहुणा निघताना करतो तसा.

आणि विचार करायच्या आधी, सवयीने, सौसनचाही हात तिच्या छातीवर गेला.